सिल्वासा, भाग दुसरा

11 ऑगस्ट 1961 रोजी जवाहरलाल नेहरूंनी एका चिमुकल्या देशाच्या पंतप्रधानांबरोबर करारावर सही केली. त्या देशाचं क्षेत्रफळ जेमतेम 490 चौरस किलोमीटर, गावं 72, राजधानी सिल्वासा. जगातल्या एकाही राष्ट्रानं त्याला मान्यता दिलेली नव्हती. पंतप्रधानांचं नाव के. जी. बदलानी, आणि हे बदलानी भारत सरकारचेच आयएएस अधिकारी होते. सह्या झाल्या, देश भारतात विलीन झाला, पंतप्रधानपदही तिथंच संपलं. करार करायचा तर समोर कुणीतरी करार करण्याच्या पात्रतेचं लागतं, म्हणून त्यांना एका दिवसापुरतं त्या खुर्चीत बसवलं होतं.

कादंबरीत हे आलं असतं तर संपादकानं समासात लाल पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून हस्तलिखित परत पाठवलं असतं.

कादंबरीचा विषय निघालाच आहे, तर इंग्रजी वाचणाऱ्या मुलामुलींच्या कपाटात हल्ली दिसणाऱ्या दोन जाडजूड पुस्तकांबद्दल आधी बोलू. ली बार्डूगो या लेखिकेचं ‘सिक्स ऑफ क्रोज’ 2015 मध्ये आलं आणि त्याचा दुसरा भाग ‘क्रूकेड किंगडम’ पुढच्याच वर्षी. केटरडॅम नावाचं एक काल्पनिक बंदर आहे, जुन्या ॲम्स्टरडॅमच्या वळणाचं. तिथली सहा पोरं. एक काठी टेकत चालणारा टोळीप्रमुख, एक भिंतीवरून मांजरासारखी जाणारी मुलगी, एक नेमबाज, एक माणसाच्या हृदयाचे ठोके हातानं कमीजास्त करणारी जादूगारीण, असे एकेकाचे एकेक गुण. यांतलं कुणीच धुतल्या तांदळासारखं नाही. पहिल्या भागात ही टोळी एका अभेद्य किल्ल्यावर हात मारते.

मला दुसरा भाग जास्त आवडतो. त्यात हात मारून झालेला आहे, पण ठरलेलं बक्षीस देणारा व्यापारी उलटला आहे आणि टोळीतली एक मुलगी पळवली गेली आहे. आता भिंती चढून भागत नाही. गाठ पडते ती करारांशी, व्यापाऱ्यांच्या परिषदेशी आणि त्या शहराच्या कायद्याशी. जादू पुस्तकभर आहे, पण शेवटची मोठी चाल खेळली जाते भर लिलावात, कारण लिलाव ही त्या शहरातली देवाधर्माइतकी पवित्र गोष्ट. बाबूराव अर्नाळकरांच्या काळ्या पहाडावर वाढलेल्या आपल्याकडच्या पिढीला कायद्याच्या कडेकडेनं चालणारे नायक नवे नाहीत. पण लुटून आणलेली वस्तू कायदेशीररीत्या आपली कशी होते, या प्रश्नावर रहस्यकथा सहसा थांबत नाहीत. चोर निसटला की पुस्तक मिटतं.

सिल्वासाच्या बाबतीत हा दुसरा भाग खरोखर घडला. तो सात वर्षं चालला आणि त्याचा बराचसा भाग घडला हेग शहरात, म्हणजे केटरडॅम ज्या देशावरून बेतलं त्या नेदरलँड्समध्येच. हा निव्वळ योगायोग आहे, पण असे योगायोग सोडवत नाहीत.

आधी पहिला भाग थोडक्यात, कारण तो निदान काही मराठी घरांत अजून सांगितला जातो.

1954 मध्ये दमणचा किनारा पोर्तुगालकडे होता. तिथून आत, चहूबाजूंनी भारतानं वेढलेले दोन तुकडेही पोर्तुगालचे होते. दादरा हा तीन गावांचा छोटा तुकडा, आणि नगर हवेली हा मोठा. दमणहून तिथं जायचं तर भारतातूनच जावं लागे. या तुकड्यांवर कुणाकुणाची नजर होती ते पाहा. फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्यासारख्या गोवेकरांची ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स’, आझाद गोमंतक दल, पुण्यामुंबईचे संघ स्वयंसेवक, आणि कम्युनिस्ट. या मंडळींचं आपसात फारसं पटण्यासारखं काही नव्हतं. एरवी एका मांडवात जेवायलाही बसले नसते असे लोक त्या पावसाळ्यात एकाच मोहिमेवर होते.

मराठी तुकडीतली नावं तर वाचताना अजूनही थबकायला होतं. राजा वाकणकर आणि नाना काजरेकर हे बेत आखणारे. विश्वनाथ नरवणे, ज्यांनी पुढं भारतीय भाषांचा व्यवहारकोश केला. बत्तिशीतले बाबासाहेब पुरंदरे. आणि पस्तिशीतले एक चित्रपट-संगीतकार, सुधीर फडके. शस्त्रांना पैसा हवा म्हणून त्या वर्षी पुण्याच्या हिराबागेत लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला, तो फडक्यांच्या शब्दावर. गाण्याच्या तिकिटांतून बंदुकीची तजवीज! आणि याच माणसाच्या चालींवर पुढच्या रामनवमीला, 1 एप्रिल 1955 रोजी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. सिल्वासाची ती पावसाळी रात्र आणि गीतरामायणाचं पहिलं गीत यांत पुरते आठ महिनेही नाहीत.

21 जुलैच्या रात्री दादरा पडलं, आठवडाभरात नरोली, आणि 1 ऑगस्टच्या रात्री तुकड्या सिल्वासाकडे निघाल्या. वाटेत पिपरियाची पोलीस चौकी हाती आली आणि 2 ऑगस्टच्या सकाळी सिल्वासावर तिरंगा चढला. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो सुमारे दीडशे शिपाई घेऊन खानवेलच्या बाजूला जंगलात सरकला होता. 11 ऑगस्टला त्यानं भारतीय पोलिसांपुढे शस्त्रं ठेवली. ही तारीख लक्षात असू द्या, बदलानींच्या सहीचीही तीच आहे.

भारतीय पोलीस तिथं काय करत होते? सरहद्दीवर जे. डी. नगरवाला यांचं विशेष राखीव पोलीस दल उभं होतं. गांधीहत्येचा तपास केलेले हेच ते मुंबईचे नगरवाला. त्यांची माणसं आत शिरली नाहीत. पण दमणहून पोर्तुगीज कुमकही त्यांच्या हद्दीतून आत जाऊ शकली नाही. नेहरूंचं सरकार जाहीरपणे अहिंसेची भाषा बोलत होतं. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई. दोघांनाही काही ठाऊक नव्हतं असं समजणं म्हणजे त्यांच्या हुशारीचा अपमान होईल.

करडा रंग इथं गडद होतो. पोर्तुगीज कायद्यानं हा सशस्त्र दरोडा होता. भारतीय कायद्यातही विनापरवाना हत्यारं बाळगणं गुन्हाच. दादऱ्याच्या चौकीवर जो फौजदार मारला गेला तो अनिसेतु रोझारियु हा लिस्बनचा कुणी गोरा साहेब नव्हता, गोव्याचा माणूस होता. चौकी सोडायला त्यानं नकार दिला. पोर्तुगालनं त्याला मरणोत्तर सर्वोच्च दर्जाचा शौर्यसन्मान दिला. आपल्या बाजूच्या आठवणींत तो बहुतेकदा एका ओळीत येतो आणि जातो. दुसरी एक गोष्ट मला याहून खटकते. नगर हवेलीत राहणारी बहुसंख्य माणसं वारली, कोकणा, धोडिया. पलीकडे तलासरी-डहाणूत 1945 मध्ये गोदावरी परुळेकरांच्या साथीनं वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध केवढा उठाव केला होता! आणि सिल्वासाच्या मोहिमेची जी नावं आपण मोजतो त्यांत मात्र शहरातली माणसंच भरलेली.

पहिला भाग इथं संपला. वस्तू हाती आली होती. ती कुणाची, हे ठरायचं होतं.

पोर्तुगालनं काय केलं पाहा. 14 डिसेंबर 1955 रोजी त्याला संयुक्त राष्ट्रसंघाचं सदस्यत्व मिळालं. 19 डिसेंबरला त्यानं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचं पत्र दिलं. 22 डिसेंबरला भारताविरुद्ध दावा दाखल! भारतानं न्यायालयाचा अधिकार 1940 पासूनच मान्य केलेला होता, त्यामुळे सुटायला जागा नव्हती. दिल्लीनं जानेवारी 1956 मध्ये घाईघाईनं आपलं संमतिपत्र बदललं, पण ते बैल गेला नि झोपा केला यातलंच झालं. एवढ्या घाईनं दावा करणं रीतीला धरून नाही, इथपासून भारतानं सहा प्राथमिक आक्षेप घेतले. 1957 मध्ये त्यांतले चार न्यायालयानं फेटाळले.

दाव्याची मांडणी तर केटरडॅमच्या कुठल्याही वकिलानं टोपी काढावी अशी होती. पोर्तुगालनं गावं परत मागितलीच नाहीत. त्यानं मागितली फक्त वाट. माझं शेत तुमच्या शेतापलीकडे आहे, आजोबांच्या वेळेपासून मी तुमच्या बांधावरून जातोय, आता तुम्ही कुंपण घातलंत, एवढीच तक्रार. वाटेचा हक्क मिळाला की त्या वाटेनं पोलीस आणि सैनिक जाणार, आणि मग गावं आपोआपच परत. खटल्याचं नावही तेच पडलं, भारतीय प्रदेशातून जाण्याच्या हक्काचा खटला.

बांधाचा हक्क सिद्ध करायचा तर शेत आपलं कधी झालं हे दाखवावं लागतं. त्यामुळे हेगच्या शांतिप्रासादात, रंगीत काचांच्या खिडक्यांखाली, पुण्याच्या पेशवे दरबाराचा विषय निघाला. 17 डिसेंबर 1779 रोजी पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला होता. गादीवर सवाई माधवराव, वय वर्षं पाच, आणि कारभार नाना फडणविसांचा. 1772 मध्ये मराठा आरमारानं ‘सांताना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं होतं, त्याचीही कुरबुर मागे होती. तहाच्या सतराव्या कलमात दोस्तीखातर दमणच्या बाजूला बारा हजार रुपये वसुलाची गावं पोर्तुगिजांना तोडून द्यायचं ठरलं. नगर हवेली 1783 मध्ये त्यांच्या हाती आली, दादरा 1785 मध्ये.

पोर्तुगालचं म्हणणं, नानांनी आम्हाला प्रदेश दिला. भारताचं म्हणणं, नानांनी दिला तो वसूल, म्हणजे सरंजाम. कलमाच्या मराठी आणि पोर्तुगीज प्रती, त्यांची भाषांतरं, मराठ्यांनी इतरांशी केलेले तह, हे सगळं न्यायाधीशांपुढे आलं. नाना फडणविसांच्या कारकुनांनी काय लिहिलं आणि काय लिहायचं टाळलं, याचा निवाडा सुमारे एकशेऐंशी वर्षांनी निरनिराळ्या देशांचे न्यायाधीश करत होते, हे चित्र मला कुठल्याही मंत्रपोथीपेक्षा अद्भुत वाटतं. आणि 12 एप्रिल 1960 च्या निकालपत्रात न्यायालयानं मराठ्यांच्या दरबाराचा कावा नेमका ओळखला. मराठ्यांना सार्वभौमत्व द्यायचं असे तेव्हा ते तशी स्पष्ट, कायमस्वरूपी दानाची भाषा वापरत, तशी उदाहरणं दप्तरात आहेत, या कलमात ती भाषा नाही. म्हणजे पोर्तुगिजांना मिळाली ती केवळ जहागीर किंवा सरंजाम, वसूल घेण्यापुरती.

भारत जिंकला म्हणायचा का? थांबा. पेशवाई 1818 मध्ये बुडाली. तिच्या जागी आलेल्या इंग्रजांनी हा सरंजाम-बिरंजाम न पाहता पोर्तुगिजांना तिथले धनी म्हणूनच वागवलं, आणि इंग्रजांच्या मागून आलेल्या भारतानंही. एकानं भाड्यानं दिलं, पुढच्यानं मालक समजून सलाम केला, आणि सलाम वर्षानुवर्षं चालू राहिला की तोच कागद होतो. न्यायालयानं तेही मान्य केलं. म्हणून 1954 मध्ये पोर्तुगाल तिथला सार्वभौम होता आणि त्याला वाटेचा हक्कही होता, पण खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि मालाची ने-आण एवढ्यापुरता. हे अकरा विरुद्ध चार मतांनी. सैनिक, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना तो हक्क नव्हता, कारण 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहापासून अशा माणसांना दर वेळी परवानगी लागत असे. हे आठ विरुद्ध सात मतांनी. एका मताचा फरक! एक न्यायाधीश इकडचा तिकडे झाला असता तर पुढची कहाणी कशी गेली असती, याचा विचार वाचकांनी निवांत करावा.

खरी जादू मात्र तिसऱ्या मुद्द्यात आहे. पोर्तुगालला मुलकी माणसं नेण्याचा हक्क होता, तर जुलै 1954 च्या अखेरीस भारतानं त्याच्या प्रतिनिधींना वाट नाकारली हा हक्कभंग झाला की नाही? न्यायालय म्हणालं, नाही. वाटेवर नियंत्रण ठेवायचा अधिकार भारताचा होता. आणि दादऱ्यात पोर्तुगीज सत्ता नुकतीच उलथून पडल्यामुळे आजूबाजूच्या भारतीय मुलखात तणाव होता, अशा वेळी वाट बंद ठेवणं त्या अधिकारात बसतं. नऊ विरुद्ध सहा.

हे पुन्हा एकदा सावकाश वाचा. 21 जुलैच्या रात्री दादऱ्यात ज्यांनी चौकी उलथवली, त्यांच्या त्या कृत्यामुळेच सिल्वासाच्या मदतीला जाणारी वाट बंद ठेवणं कायद्यात बसलं. दरोडा बरोबर की चूक, यावर न्यायालयानं एक शब्द उच्चारला नाही, तो प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच. पण दरोड्याच्या धुरळ्याला कायद्यात जागा मिळाली, आणि त्या धुरळ्याआड सिल्वासा सुखरूप राहिलं. केटरडॅमच्या पोरांनी भर लिलावात जे साधलं त्याच जातीची ही गोष्ट आहे. समोरच्याचे नियम न मोडता, त्याच नियमांच्या जोरावर निसटायचं. फरक इतकाच की इथं हे कुणी आधी आखलं होतं असं दिसत नाही. भारताची बाजू ॲटर्नी जनरल मो. चि. सेटलवाड लढले, आणि खास या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून भारताकडून बसले होते मुंबईचे एम. सी. छागला. दोघेही मुंबईच्या बारचे.

हेगमध्ये हे चाललं असताना सिल्वासात काय होतं? एक देश होता. त्याला चांगलं नावही नव्हतं. भारतानं तो मुलूख ताब्यात घेतला नाही. घेतला असता तर आक्रमणाचा आळ पत्करावा लागला असता, शिवाय निकाल यायचा होता. त्यामुळे सात वर्षं हा तुकडा ना पोर्तुगालचा, ना भारताचा. आप्पासाहेब करमळकर तिथले पहिले प्रशासक झाले. पुढं वरिष्ठ पंचायत नावाची सभा कारभार पाहू लागली. जुन्या पोर्तुगीज तिकिटांवर ‘लिबरेटेड एरियाज’ असा शिक्का मारून ती वापरली गेली. आज असं अस्सल तिकीट कुणाकडे निघालं तर संग्राहकांचे डोळे चमकतात. शाळा, रस्ते, दवाखाने, वसूल, सगळं चालू, आणि जगाच्या नकाशावर रंग मात्र पोर्तुगालचा. बार्डूगोच्या जादूगारांना हाताच्या इशाऱ्यानं वारा वळवता येतो. इथं एक शिक्का आणि एक ठराव यांवर आख्खं सरकार उभं होतं.

निकालानंतर उरलेलं काम भराभर झालं. 12 जून 1961 रोजी वरिष्ठ पंचायतीनं एकमतानं ठराव केला की आम्हाला भारतात यायचंय. मग बदलानी एका दिवसाचे पंतप्रधान झाले, आणि दहाव्या घटनादुरुस्तीनं 11 ऑगस्टपासून हा मुलूख केंद्रशासित प्रदेश झाला. न मान्य झालेल्या देशाचा अधिकारी मान्य असलेल्या देशाबरोबर करार करतो, आणि करार होताच आपोआप नाहीसा होतो, याला कायद्याच्या पुस्तकात काही चांगलं नाव असेल. आजही सिल्वासाचं अपील मुंबई उच्च न्यायालयात येतं. 2020 च्या प्रजासत्ताकदिनापासून दमण-दीवसह तो एकच केंद्रशासित प्रदेश आहे.

मात्र टोळीतला एक गडी अजून परतायचा होता. मोहन रानडे, आझाद गोमंतक दलाचे. नगर हवेलीच्या लढ्यानंतर ते ऑक्टोबर 1955 मध्ये गोव्यातल्या बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले, आणि सव्वीस वर्षांची शिक्षा घेऊन पोर्तुगालच्या तुरुंगात पोहोचले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. रानडे आतच. ‘क्रूकेड किंगडम’मध्ये पळवलेल्या मुलीला टोळी काही प्रकरणांत सोडवून आणते. इथं त्यासाठी वर्षं गेली. सुधीर फडके रानडे विमोचन समिती घेऊन दारोदार फिरत होते, आणि अखेर दार उघडलं ते अगदी अनपेक्षित बाजूनं. मद्रास राज्याचे, म्हणजे आजच्या तामिळनाडूचे, मुख्यमंत्री अण्णादुराई 1968 मध्ये पोपना भेटले, तेव्हा स्वतःसाठी काही न मागता त्यांनी एका मराठी कैद्याची सुटका मागितली. द्रविड चळवळीचा नेता, रोमचा धर्मगुरू आणि सांगलीकडचा क्रांतिकारक! जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले. त्यांची तुरुंगकथा ‘सतीचे वाण’ या नावानं मराठीत आहे, आणि या साऱ्या प्रकरणाची काळी बाजू ज्यांना समजून घ्यायची आहे त्यांनी आधी ती वाचावी.

पोर्तुगालनं आपला हक्क सोडला तो याच्याही पुढं, देशातली हुकूमशाही कोसळल्यावर, 31 डिसेंबर 1974 च्या करारानं. गोवा, दमण आणि दीवबरोबर त्यात दादरा आणि नगर हवेलीचंही नाव आहे. लिस्बनच्या दप्तरात तोवर सुधीर फडके काय नि बाबासाहेब पुरंदरे काय, सगळे फरार दरोडेखोरच होते.